बीडचा मतदार आणि त्याचे शहरी न्यायाधीश

तेलगांवच्या चौकांत चार रस्ते एकत्र येतात. एक वडवणीवरून बीडकडे जातो, दुसरा सिरसाळ्यावरून परळीकडे, तिसरा माजलगांवकडे व चौथा धारूरवरून केजकडे. या चौकांतील एखाद्या हॉटेलांत तासभर चहा घेत बसलें, कीं बीड लोकसभा मतदारसंघाचा बराचसा भाग डोळ्यांपुढून जातो. अशाच एका हॉटेलांत २०२४ सालच्या जून महिन्यांत, निवडणुकीचा निकाल लागून आठ-दहा दिवस झाले असतां, गिरगांवांत राहणारे आमचे एक जुने स्नेही आमच्यासमवेत बसले होते. गृहस्थ सुशिक्षित, वाचन दांडगें, मनानें निर्मळ. त्यांनीं कप खालीं ठेवीत एका वाक्यांत आमच्या जिल्ह्याचा निवाडा केला: "तुमच्या बीडमध्यें माणसें मत देत नाहींत, जाति मत देतात."

आम्ही त्या वेळीं गप्प बसलों. निकाल ताजा होता, आणि चौकांत जें कानीं पडत होतें त्यानें आमच्या स्नेह्यांच्या म्हणण्यास पुष्टीच मिळत होती. परंतु तें वाक्य मनांतून जाईना. ज्या मातींत आमचा जन्म झाला तिच्यांतील लाखों माणसांस विचारशक्तिच नाहीं, असा त्याचा सरळ अर्थ होतो. पुढें तेंच वाक्य निरनिराळ्या शब्दांत वर्तमानपत्रांत, व्याख्यानांत आणि प्राध्यापकमंडळींच्या बैठकींत आम्हीं इतक्या वेळां ऐकलें, कीं आतां त्याची छाननी न करणें हा भ्याडपणा ठरेल.

पूर्वपक्षास अन्याय होऊं नये म्हणून त्याचें म्हणणें पुऱ्या बळानिशीं मांडूं. बीड जिल्ह्यांत मराठा व वंजारी हे दोन मोठे समाज आहेत. त्यांच्या जोडीला दलित, मुसलमान, धनगर, माळी व इतर लहानमोठे समाज आहेत. निवडणूक आली कीं प्रत्येक पक्ष या समाजांची बेरीज-वजाबाकी मांडतो, त्या हिशोबानें उमेदवार देतो, आणि मतदार त्या हिशोबाबरहुकूम मत टाकतो. पक्षाचें धोरण काय, उमेदवारानें मागें काय केलें, या गोष्टी गौण. शहरांतील मतदार मात्र वर्तमानपत्र वाचतो, धोरण तोलतो आणि मग मत देतो. सबब लोकशाही ही शहरांत विचाराची व खेड्यांत जन्माची, असा हा सिद्धान्त आहे. यांत दोन विधानें आहेत, एक बीडविषयीं व दुसरें शहराविषयीं. दोन्हीं इतिहासाच्या कसोटीवर घासून पाहूं.

बीडविषयींची कसोटी सोपी आहे. येथील मतदार जर स्वभावतःच जातीनें मत देणारा असेल, तर विजयी उमेदवारांच्या यादींत त्या दोन मोठ्या समाजांबाहेरचें नांव सहसा सांपडूं नये, आणि बाहेरगांवचा मनुष्य तर मुळींच सांपडूं नये. १९५२ पासून २०२४ पर्यंत या मतदारसंघांत अठरा सार्वत्रिक निवडणुका व एक पोटनिवडणूक झाली. मतदारसंघाच्या सीमा मधून मधून बदलल्या. गेवराई, माजलगांव, बीड, आष्टी, केज व परळी हे आजचे सहा विधानसभा विभाग २००९ पासूनचे आहेत. तरी मतदारसंघाचा गाभा तोच राहिला, आणि यादी कोणासहि पाहतां येण्याजोगी आहे.

आरंभ १९५२ पासून करूं. १९४८ च्या सप्टेंबरांत पोलीस कारवाई होऊन निजामी राजवट संपली, त्यास पुरतीं चार वर्षें झालीं नव्हतीं. ज्या मुलखांत सामान्य शेतकऱ्यास राज्यकारभारांत चकार शब्द काढण्याची सोय नव्हती, तेथें त्याच्या हातीं एकदम मतपत्रिका आली. काँग्रेसच्या पाठीशीं नेहरूंचें नांव होतें आणि स्वातंत्र्याची पुण्याई होती. हैदराबाद राज्यांत कम्युनिस्ट पक्षावर बंदी असल्यामुळें डाव्या मंडळींनीं पीपल्स डेमॉक्रॅटिक फ्रंट या नांवानें निवडणूक लढविली. या आघाडीचें मुख्य बळ तेलंगणांत. मराठवाड्यांत तिचा जोर तेवढा नव्हता. असें असतां बीडनें आपला पहिला प्रतिनिधि म्हणून लोकसभेंत पाठविला तो या आघाडीचा उमेदवार, रामचंद्र गोविंद परांजपे. या आडनावाच्या समाजाचीं या जिल्ह्यांत मतें किती असावींत, याचा हिशोब आमच्या स्नेह्यांनींच करावा.

१९५७ सालीं रखमाजी धोंडिबा पाटील व १९६२ सालीं द्वारकादास मंत्री, असे काँग्रेसचे दोन उमेदवार निवडून आले. यांपैकीं मंत्री हें नांवहि जातीच्या संख्याबळावर निवडून येणाऱ्याचें नव्हे. पुढें १९६७ साल उजाडलें. लागोपाठच्या दुष्काळांनीं आणि महागाईनें देश गांजलेला होता. त्या वर्षीं बीडकरांनीं कोणास निवडलें? क्रांतिसिंह नाना पाटील यांस. ज्यांनीं साताऱ्याकडे १९४२ नंतर प्रतिसरकार चालविलें, जे १९५७ सालीं साताऱ्याहून लोकसभेवर गेले होते, ते कम्युनिस्ट पक्षाचे नाना पाटील. त्यांचें गांव येथून शेंकडों मैल दूर. येथें त्यांचें घर नव्हतें, भावकी नव्हती, सोयरीक नव्हती, कारखाना नव्हता, पतपेढी नव्हती. होती ती फक्त त्यांची वाणी, आणि गरीब शेतकऱ्याच्या बाजूनें झिजलेलें आयुष्य. जातीस जात मिळाली म्हणून ते निवडून आले असें कोणी म्हणेल, तर त्यानें एवढेंच सांगावें, कीं त्याच समाजाचे स्थानिक, धनवान व वजनदार पुढारी काय जिल्ह्यांत नव्हते?

१९७१ सालीं इंदिरा गांधींच्या लाटेंत सयाजीराव पंडित निवडून आले. परंतु आणीबाणी संपतांच, १९७७ सालीं, बीडनें मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाचे गंगाधरअप्पा बुरांडे यांस विजयी केलें. त्या वर्षीं महाराष्ट्रांतून या पक्षाचे तीन सभासद लोकसभेंत गेले. डहाणूहून लहानू कोम, मुंबईंतून अहिल्या रांगणेकर, आणि बीडहून बुरांडे. डहाणूस वारली शेतमजुरांची चळवळ होती, मुंबईस कामगारांची. बीडला काय होतें? कोरडवाहू जमीन, सालगडी, निजामाविरुद्धच्या लढ्याची ताजी आठवण, आणि आणीबाणीचा राग. मतदारानें तेवढ्यावरून पक्षाची निवड केली, तीहि अशा पक्षाची कीं ज्याच्या तत्त्वज्ञानांत जातीस स्थानच नाहीं.

पुढें १९८० व १९८४ या दोन्हीं निवडणुकांत काँग्रेसच्या केशरबाई क्षीरसागर विजयी झाल्या, आणि १९९१ सालीं पुन्हां तिसऱ्यांदा. जिल्हा त्यांस केशरकाकू म्हणे. ज्या तेली समाजांत त्यांचा जन्म, तो संख्येनें या जिल्ह्यांत निर्णायक कधींच नव्हता. शिवाय त्या स्त्री. ज्या काळांत मुंबई-पुण्याचे पक्षहि स्त्रीस उमेदवारी देतांना दहा वेळां विचार करीत, त्या काळांत या "मागासलेल्या" मतदारसंघानें एका स्त्रीस तीन वेळां दिल्लीस धाडलें. मधल्या १९८९ सालीं जनता दलाचे बबनराव ढाकणे निवडून आले. तेहि जिल्ह्याबाहेरचे, पाथर्डीचे. त्याच वर्षीं मतदानाचें वय एकविसावरून अठरावर आलें होतें आणि आम्हीं आपलें पहिलें मत टाकलें. तें कोणास दिलें हें सांगण्याचें प्रयोजन नाहीं. परंतु त्या निवडणुकींत चावडीवर वाद होत ते बोफोर्सविषयीं व कर्जमाफीविषयीं, हें आम्हांस स्पष्ट आठवतें. उमेदवाराची जात कोणास ठाऊक नव्हती असें नाहीं. ती ठाऊक असूनहि बोलण्याचा विषय दुसरा होता.

म्हणजे पहिल्या दहा निवडणुकांची यादी अशी होते: परांजपे, पाटील, मंत्री, नाना पाटील, पंडित, बुरांडे, केशरकाकू दोनदां, ढाकणे, पुन्हां केशरकाकू. यांत तीन वेळां डावे पक्ष, दोन परजिल्ह्यांतील उमेदवार, तीन वेळां एक स्त्री, आणि सहा वेळां अशा आडनावांचे लोक कीं ज्यांच्या जातीच्या मतांवर ग्रामपंचायतहि जिंकतां आली नसती. यावर असें म्हणतां येईल, कीं हा सारा लाटांचा प्रताप. १९७१ ची लाट, १९७७ ची लाट, १९८४ ची लाट. तें काहीं अंशीं खरें आहे. परंतु लाट म्हणजे तरी काय? साऱ्या देशापुढें एक प्रश्न उभा राहतो आणि लोक त्यास उत्तर देतात, तिलाच आपण लाट म्हणतों. लाटेंत वाहून जाणारा मतदार निदान जातीच्या खुंटीस बांधलेला नसतो, हें तरी कबूल करावें लागेल.

आतां दुसरें विधान, शहराविषयींचें. आमचे स्नेही ज्या मतदारसंघांत राहतात, त्या दक्षिण मुंबईचा इतिहास आम्हीं आदरानें वाचला आहे. १९६७ सालीं, बीडनें नाना पाटलांस निवडलें त्याच वर्षीं, दक्षिण मुंबईनें स. का. पाटलांसारख्या मातबर काँग्रेस नेत्यास व केंद्रीय मंत्र्यास पाडून जॉर्ज फर्नांडिस यांस निवडलें. त्या पराक्रमाचे पोवाडे अजून गाइले जातात आणि ते योग्यच आहे. परंतु पोवाडा मुंबईच्या वांट्यास आला आणि बीडच्या वांट्यास विस्मृति, ही वांटणी कोणत्या न्यायाची? पुढें १९८४ पासून लागोपाठ तीन वेळां आणि १९९८ सालीं पुन्हां तेथून मुरली देवरा निवडून गेले. २००४ व २००९ सालीं त्यांचे चिरंजीव मिलिंद देवरा. घराण्याची गादी ही फक्त उसाच्या मुलखांतच असते, असें समजणाऱ्यांनीं मलबार हिलकडेहि एकदां पाहावें. प्रत्येक निवडणुकीच्या आधीं त्या शहरांतील वर्तमानपत्रें मराठी मतें किती, गुजराथी किती, मुसलमान किती, याचे तक्ते छापतात. बीडमध्यें तेंच केलें तर तो जातिवाद, मुंबईंत केलें तर तें विश्लेषण!

आणि खोल जाऊन पाहिलें तर १९५२ सालचें उदाहरण अधिक बोचक आहे. ज्यांनीं देशास घटना दिली ते डॉ. आंबेडकर त्या वर्षीं उत्तर मुंबईच्या राखीव जागेसाठीं उभे होते. मुंबईच्या सुशिक्षित मतदारांनीं त्यांस पाडून काँग्रेसचे नारायण काजरोळकर यांस निवडलें. त्या पराभवाचीं कारणें अनेक असतील. त्यांवरून आम्ही मुंबईस अविचारी ठरवीत नाहीं. मग एका निवडणुकीवरून आम्हांस कां ठरवितां? आणखी एक साधी गोष्ट. २०२४ सालीं दक्षिण मुंबईंत मतदान झालें तें सुमारें ५० टक्के. बीडमध्यें मे महिन्याच्या उन्हांत तें सुमारें ७१ टक्के झालें. अर्धें शहर घरीं बसून राहतें आणि उरलेलें अर्धें रांगेंत उभ्या राहणाऱ्या खेड्यास लोकशाहीचे धडे देतें, हें दृश्य विनोदी आहे.

येथवर आम्हीं बीडची बाजू मांडली. परंतु वकिली करून थांबलों तर आम्ही सत्याशीं बेइमान होऊं. १९९६ नंतर चित्र पालटूं लागलें हें आम्हांस मान्य आहे. त्या वर्षीं भारतीय जनता पक्षाच्या रजनी पाटील निवडून आल्या. १९९८ व १९९९ सालीं त्याच पक्षाचे जयसिंगराव गायकवाड. २००४ सालीं हेच गायकवाड पक्ष बदलून राष्ट्रवादी काँग्रेसतर्फे उभे राहिले आणि त्याच मतदारांनीं त्यांस पुन्हां निवडलें. येथें आम्हांस पहिली खूण दिसते. पक्ष बदलला, धोरण बदललें, निशाणी बदलली, आणि तरी निकाल बदलला नाहीं. मतदारानें धोरण पाहावें तर तें उमेदवारानेंच अंगरख्यासारखें उतरवून ठेविलें होतें. मग त्यानें पाहावयाचें तरी काय? उरलें होतें फक्त नांव.

२००९ सालीं गोपीनाथ मुंडे लोकसभेस उभे राहिले आणि निवडून आले. मुंडे यांचें कर्तृत्व मोठें होतें हें त्यांचे विरोधकहि मानीत. ऊसतोड मजुराच्या मजुरीच्या लवादांत त्याची बाजू मांडणारा मनुष्य म्हणून त्यांच्यावर वंजारी समाजाचा जीव होता, आणि त्यांत कांहीं गैर नव्हतें. ज्याच्या बापानें जन्मभर दुसऱ्याच्या फडांत कोयता चालविला, त्यास आपल्यांतील एकजण मंत्र्यांच्या खुर्चींत दिसला तर त्याचा ऊर भरून येणारच. तसेंच, दोन-तीन एकर कोरडवाहू जमिनीवर चार भावांचा संसार चालविणाऱ्या मराठा शेतकऱ्याच्या मुलानें आरक्षण मागितलें तर तीहि पोटांतून निघालेली हांक आहे. या दोन्हीं भावनांस आम्ही जातीयवाद म्हणत नाहीं. जातीयवाद सुरू होतो तो, या दोन हांका एकमेकींविरुद्ध उभ्या केल्यानें आपल्यास जागा मिळते असें कोणाच्या तरी ध्यानांत येतें तेव्हां.

आणि हें ध्यानांत प्रथम कोणाच्या आलें? माळी, धनगर व वंजारी या तीन समाजांच्या आद्याक्षरांवरून बनविलेलें "माधव" हें सूत्र महाराष्ट्रांत सर्वांस ठाऊक आहे. तें कोणा ऊसतोड्यानें फडाच्या बांधावर बसून रचलें नाहीं. तें पक्षाच्या कार्यालयांत, चांगल्या शिकलेल्या मंडळींनीं, कागद-पेन्सिल घेऊन रचलें. दुसऱ्या बाजूसहि सहकारी साखर कारखाना, जिल्हा बँक आणि बाजार समिति यांच्या जाळ्यांतून कोणत्या समाजाचा पुढारी कोठें बसवावा, याचा हिशोब तितक्याच शहाण्या लोकांनीं केला. हिशोब शहरांत मांडला गेला, खेड्यांत तो अमलांत आला, आणि आतां शहरच विचारतें कीं तुम्ही असा हिशोब कां करतां?

दोन आंकडे शेजारीं ठेवूं. मे २०१४ मध्यें मुंडे दुसऱ्यांदा निवडून आले आणि ३ जून रोजीं त्यांचें अपघाती निधन झालें. त्या वर्षींच्या ऑक्टोबरांतील पोटनिवडणुकींत राष्ट्रवादी काँग्रेसनें उमेदवार दिला नाहीं आणि त्यांच्या कन्या प्रीतम मुंडे ६,९६,३२१ मतांच्या फरकानें विजयी झाल्या. लोकसभेच्या इतिहासांत तोंवर एवढें मताधिक्य कोणासहि मिळालें नव्हतें. तें सर्व जातींच्या घरांतून आलें होतें. एकट्या समाजाच्या बळावर तेवढीं मतें होत नाहींत. दहा वर्षांनीं, २०२४ सालीं, त्यांच्या भगिनी पंकजा मुंडे त्याच मतदारसंघांत बजरंग सोनवणे यांच्याकडून ६,५५३ मतांनीं पराभूत झाल्या. सात लाखांचा फरक साडेसहा हजारांवर आला, आणि तोहि उलट दिशेनें. दहा वर्षांत जिल्ह्यांतील जाति बदलल्या काय? त्या होत्या तेथेंच होत्या. जन्म जर मत ठरवीत असता तर एवढी उलथापालथ झालीच नसती. मधल्या काळांत बदललें तें वातावरण, आणि वातावरण हें कोणी तरी करावें लागतें.

त्या वातावरणाची कथा फार जुनी नाहीं. १ सप्टेंबर २०२३ रोजीं जालना जिल्ह्यांतील अंतरवाली सराटी येथें आरक्षणासाठीं उपोषणास बसलेल्या लोकांवर लाठीमार झाला. ३० ऑक्टोबरास माजलगांव व बीड येथें आमदारांचीं घरें जाळण्यांत आलीं. प्रश्न होता शिक्षणाचा व नोकरीचा; तो दोन जातींमधील वैराचा होऊन बसला. २०२४ ची निवडणूक त्या धुरांत झाली. त्याच वर्षीं ९ डिसेंबर रोजीं केज तालुक्यांतील मस्साजोगच्या सरपंचांची निर्घृण हत्या झाली. तपासयंत्रणेनें ती खंडणीच्या प्रकरणाशीं जोडली. खंडणी हा साऱ्या जिल्ह्याच्या मानेवरील फांस. त्याविरुद्ध साऱ्या जिल्ह्यानें एकत्र उभें राहावें असा तो प्रसंग. परंतु लोक प्रथम विचारूं लागले तें, मेलेला कोणाचा आणि आरोपी कोणाचे. मृत्यूचेंहि जातवार पत्रक तयार झालें. आमच्या स्नेह्यांचें वाक्य आम्हांस सर्वांत अधिक बोचलें तें त्या दिवसांत.

मग बीडमध्यें निवडणुकीचा विषय होण्याजोगें दुसरें कांहीं उरलेंच नव्हतें काय? दिवाळी सरली कीं या चौकांतून ट्रक व ट्रॅक्टर भरून माणसें जातात. मुकादमाकडून उचल घेतलेली, भांडीं-कुंडीं बांधलेलीं, लेंकरें उरावर. पश्चिम महाराष्ट्र व कर्नाटकाचे कारखाने बीडच्या कोयत्यावर चालतात. या ऊसतोड स्त्रियांविषयीं २०१९ सालीं सरकारी समितीनें चौकशी केली, तेव्हां पाहणी केलेल्या सुमारें ८२ हजार स्त्रियांपैकीं १३ हजारांहून अधिक जणींचीं गर्भाशयें काढलेलीं आढळलीं. पाळीच्या दिवसांत खाडा पडूं नये आणि उचल फिटावी म्हणून शरीराचा अवयव काढून टाकणाऱ्या त्या बायांत वंजारी आहेत, मराठा आहेत, दलित आहेत. फडांत त्यांची जात कोणी विचारीत नाहीं. मोळी मात्र सारखीच मोजली जाते. तशीच गोष्ट रेल्वेची. अहिल्यानगर-बीड-परळी हा २६१ किलोमीटरचा मार्ग १९९५ च्या सुमारास मंजूर झाला आणि पहिली गाडी बीडला पोंचली १७ सप्टेंबर २०२५ रोजीं. तीस वर्षांत आठ सार्वत्रिक निवडणुका झाल्या. यांपैकीं एक तरी निवडणूक या दोन प्रश्नांवर लढविली गेली असें कोणी शपथेवर सांगावें.

आमच्या म्हणण्याचें सार एवढेंच आहे. मतदारापुढें जेव्हां जेव्हां प्रश्न ठेविला गेला, तेव्हां त्यानें प्रश्नास उत्तर दिलें. १९५२ सालीं दिलें, १९६७ सालीं दिलें, १९७७ सालीं दिलें, १९८९ सालीं दिलें. जेव्हां त्याच्यापुढें दोन आडनांवेंच ठेविलीं, तेव्हां त्यानें आडनांव निवडलें. दुकानांत एकच जिन्नस ठेवून गिऱ्हाइकाच्या अभिरुचीस नांवें ठेवणें, ही दुकानदाराची जुनी युक्ति आहे.

येथें कोणी म्हणेल, कीं मतदार हें काय तान्हें बाळ आहे? त्याचा कांहींच दोष नाहीं काय? आहे. आम्हीं आमच्या वर्गांतच तो पाहिला आहे. चार वर्षें एका बांकावर बसणारे, एकाच डब्यांतून खाणारे दोन विद्यार्थी २०२४ च्या निकालानंतर महाविद्यालय उघडलें तेव्हां वेगवेगळ्या कोपऱ्यांत बसूं लागले. आम्हीं एकास जवळ बोलावून कारण विचारलें. त्यानें खिशांतील फोन काढून दाखविला. दोघांच्या गांवांतील मतदान केंद्रांचे आंकडे त्यांत होते. अमक्या गांवांत अमक्यास इतकीं मतें, तमक्यास इतकीं. "सर, त्याच्या गांवानें आमच्या माणसाला बाराच मतें दिलीं," एवढेंच तो बोलला. मित्रानें काय केलें हें त्यानें विचारलेंच नव्हतें. गांवाचा आंकडा हाच मित्राचा गुन्हा झाला होता. त्या दिवसांत अनेक गांवांत एकमेकांच्या दुकानांवर बहिष्कार टाकण्याची भाषा ऐकूं आली, तीहि याच आंकड्यांवरून.

मत गुप्त असावें हें तत्त्व साऱ्या जगास मान्य आहे. परंतु हजार-बाराशें मतदारांच्या केंद्राचा आंकडा वेगळा जाहीर झाला, कीं एकट्या माणसाचें मत गुप्त राहिलें तरी गांवाचें राहत नाहीं. कागदी मतपत्रिकांच्या काळीं, जेथें धाकदपटशाचें भय दिसे तेथें अनेक केंद्रांच्या मतपत्रिका मिसळून मग मोजण्याची मुभा नियमांत होती. यंत्रें आलीं आणि ती सोय गेली. निवडणूक आयोगानें २००८ सालींच अनेक यंत्रांची बेरीज एकत्र करणारें साधन वापरावें असें सुचविलें. विधि आयोगानें २०१५ च्या अहवालांत त्यास दुजोरा दिला. तरी तें अमलांत आलें नाहीं. कां आलें नाहीं, हें ज्यास गांवनिहाय हिशोबाची गरज असते त्यास विचारावें. जे पुढारी सभेंत "आम्ही जात मानत नाहीं" म्हणून गर्जतात, त्यांनीं एवढी एक मागणी करून दाखवावी: आमच्या मतदारसंघांतील मतें मिसळून मोजा, कोणत्या गांवानें आम्हांस काय दिलें हें आम्हांस कळूं देऊं नका. असें म्हणणारा एकहि उमेदवार आम्हांस अद्याप भेटलेला नाहीं. भेटेल त्या दिवशीं त्याची जात न विचारतां आम्ही त्यास मत देऊं.

आमच्या गिरगांवच्या स्नेह्यांस आमची एवढीच विनंती आहे. पुढल्या खेपेस ते येतील तेव्हां दिवाळीनंतर यावें आणि त्याच हॉटेलांत आमच्यासमवेत बसावें. चौकांतून जाणाऱ्या त्या भरलेल्या ट्रकांकडे पाहून त्यांनीं आम्हांस सांगावें, कीं वर बसलेल्यांपैकीं कोण कोणत्या जातीचा. आम्ही पन्नास वर्षें या चौकांत वावरलों. आम्हांस तें अजून ओळखतां आलेलें नाहीं. डोक्यास फडकें, हातांत कोयता, आणि डोळ्यांपुढें सहा महिन्यांचा परका मुलूख. त्यांच्या आजोबांनीं १९६७ सालीं साताऱ्याच्या एका म्हाताऱ्या क्रांतिकारकास आपला म्हटलें होतें. नातवांपुढें तसा मनुष्य व तसा प्रश्न आणून उभा करण्याचें काम आपण शिकलेल्यांनीं केलें नाहीं. तोंवर त्यांच्या मतावर निवाडा देण्याचा अधिकार आम्हांस नाहीं, आणि आमच्या स्नेह्यांसहि नाहीं.